सगुणाबाई आणि खोलीतला राखणदार

सगुणाबाईच्या कोळीवाड्यात विचारायची एक रीत होती. खाडीतून एखादी होडी काठाला लागली, की बायका तिच्यावरच्यांना आधी पाण्याचा तांब्या देत आणि मग विचारत, आमची होडी दिसली का. माणसाचं नाव कोणी घेत नसे. पाण्यावर गेलेल्याला काठावरून नावाने पुकारू नये, असं सासूने तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. नाव घ्यायचं ते होडीचं. ज्याला विचारलं त्याने दिसली असेल तर कुठे नि कधी ते सांगायचं, नसेल दिसली तर तसं सांगायचं. कुणाला बरं वाटावं म्हणून थाप मारायची नाही. आणि एकट्याच्या शब्दावर घरी परतायचं नाही. दुसऱ्याला विचारायचं, तिसऱ्याला विचारायचं, मगच चूल पेटवायची.

रीत राहिली आणि होड्या गेल्या. ठाण्याच्या खाडीचं पाणी हळूहळू असं होऊन बसलं, की त्यात उतरलेल्या माणसाच्या अंगाला रात्रभर कंड सुटे; मग मासळीची काय कथा. सगुणाबाईचा नवरा धाकू जाळं टाकायचा आणि बोयट माशांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या ओढायचा. शेवटी एक दिवस त्याने होडी मोडीत काढली. होडीचं नाव मनुबाई. धाकूच्या आईचं नाव. त्यांचा एकुलता एक मुलगा नाथा तेव्हा शहाडला मावशीकडे लग्नाला गेला होता. परत येऊन बघतो तर बंदरावर फळ्यांचा ढीग, आणि त्यातल्या एकीवर 'बाई' एवढीच अक्षरं उरलेली. पोराने आरडाओरडा केला नाही. जेवताना आईला एवढंच म्हणाला, "मना इचारलं असतं तर मीच हो बोललो असतो." बापाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला. बापाने मान वर केली नाही, आणि आठवड्याभरात नाथा कुठल्याशा बोटीवर नोकरी धरून निघून गेला.

त्याला तीन वर्षं होत आली. पत्र नाही, फोन नाही. धाकू दिवसभर ओट्यावर बसून जाळं शिवी. त्या जाळ्याला शिवण्यासारखं भोक उरलं नव्हतं, पण माणसाला हात कुठेतरी घालायला लागतात. सगुणाबाई मात्र बसणाऱ्यातली नव्हती. घाऊक बाजारातून मासळी उचलायची, बसने माजिवड्याला जायचं आणि तिथल्या नव्यानव्या इमारतींतून दारोदार फिरायचं. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर ती भांडत नसे. मासा उचलून टोपलीत परत ठेवी आणि त्या माशालाच सांगे, चल बाबा, इथे तुझी कदर नाय. निम्म्या बायका तेवढ्यावरच विरघळत.

नव्याण्णव सालच्या शिमग्याला उत्तम गावात आला. हा नाथाचा दोस्त, कोळीवाड्यातलाच, मस्कतला नोकरी करणारा. त्याने सगुणाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की नाथा बरा आहे. कुठे आहे ते उत्तमला नीट माहीत नव्हतं, बोट बदलली की ठिकाण बदले. पण कॉम्प्युटरमध्ये एक खोली आहे म्हणाला, ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडची परदेशात गेलेली पोरं तिथे जमून गप्पा मारतात, तिथे नाथा येतो. घरचा विषय काढला की उठून जातो. "तू तिथं गेलीस आणि त्याला वास लागला, तर यायचा बंद व्हईल," उत्तमने बजावलं. "नुसतं इचारून घे. खोलीवर राखणदार हाय, त्याला सगलं ठाऊक असतं." आणि खोलीत शिरायचा शब्द एका चिठोऱ्यावर लिहून तो मस्कतला गेला.

सगुणाबाईने यातलं काय समजून घेतलं ते तिचं तिला ठाऊक. कॉम्प्युटर ती ओळखून होती, कारण तिच्या गिऱ्हाइकांतल्या प्रमोदिनीबाईंनी माजिवड्याच्या तळमजल्यावरच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत, तीन कॉम्प्युटर मांडून इंटरनेटचं दुकान थाटलं होतं. प्रमोदिनी डोंबिवलीची माहेरवाशीण, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, मासे मात्र काट्यासकट चोखणारी. बँकेतली नोकरी सोडून, नवऱ्याची कुरकुर कानाआड करून तिने हा उद्योग केला होता. सगुणाबाई टोपली बाहेर पायरीवर ठेवून, तिच्यावर ओलं फडकं टाकून आत आली आणि चिठोरं पुढे धरून म्हणाली, "बाय, या खोलीत माझा पोरगा येतो. मना तिथं नेऊन बसव."

खरं सांगायचं तर प्रमोदिनीलाही यातलं बेताचंच कळत होतं. मेल पाठवणं आणि कॉलेजच्या पोरांना वेळ संपल्याचं सांगणं, इथवर तिची मजल. तरीही तिने फोनची तार जोडली. आधी किंचाळी, मग खरखर, मग शांतता, आणि पडद्यावर ओळी सरकू लागल्या. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. खोलीच्या दारातच राखणदाराने हटकलं: शब्द काय, नाव काय. शब्द चिठोऱ्यावर होता. नाव विचारल्यावर सगुणाबाई सवयीने जे सांगायचं तेच सांगून बसली. काठावर कोणी 'कोण' म्हणून विचारलं, की कोळी होडीचं नाव सांगतो. "मनुबाई," ती म्हणाली. प्रमोदिनीला वाटलं, लग्नातलं नाव असेल. तिने तेच टाइप केलं, आणि मनुबाई त्या खोलीची सभासद झाली.

राखणदार हा माणूस नव्हता. त्या पोरांपैकी कोणीतरी लिहून ठेवलेला तो प्रोग्राम होता. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, कुणाच्या हातात किल्ल्या द्यायच्या, कोण कधी आलं नि कधी गेलं, सगळी व्यवस्था तो बघे, आणि उत्तरं द्यायला पोरांनी त्याला मराठी शिकवून ठेवली होती. हे प्रमोदिनीने आपल्या परीने समजावून सांगितलं. सगुणाबाईने विचारलं, तो झोपतो कवा? झोपत नाही. जेवतो कवा? जेवत नाही. मग भूत हाय काय? नाही हो, तो प्रोग्राम आहे. प्रोग्राम तर टीव्हीवर असतो, सगुणाबाई म्हणाली, आणि प्रमोदिनीने पुढे समजावणं सोडून दिलं.

मग, इथे होडी नाही म्हणून नाइलाजाने पोराचं नाव सांगून, सगुणाबाईने प्रमोदिनीकरवी राखणदाराला विचारलं, नाथा दिसला का. तत्काळ उत्तर आलं: नाथा काल संध्याकाळी येऊन गेला.

तीन वर्षांत पोराची खबर म्हणून मिळालेली ही पहिली. सगुणाबाईचा हात आपोआप गळ्यातल्या पोतीकडे गेला. मग तिने प्रमोदिनीला सांगितलं, परत इचार. पुन्हा तेच उत्तर. आणखी एकदा इचार. प्रमोदिनी म्हणाली, अहो तेच सांगणार तो. पण एकदा ऐकून परतायचं नाही ही बंदराची शिस्त, तिला काय माहीत? तिने विचारलं, आणखी विचारलं, आणि अचानक पडदा रिकामा झाला. तळाशी एकच ओळ उरली: एकच गोष्ट परत परत बोलू नये. मनुबाईला बाहेर काढलं आहे.

प्रमोदिनीचा चेहरा कानकोंडा झाला. खोलीत पुन्हा शिरायला गेलं तर दार बंद. सगुणाबाईचा अपमान झाला होता. मी काय वंगाळ इचारलं, असं ती पायरीवर टोपली उचलताना स्वतःशीच म्हणत होती, आणि दिवसभर गिऱ्हाइकांना तिच्या जिभेचा प्रसाद मिळाला. पण घरी पोचेपर्यंत तिच्या ध्यानात सगळं आलं. म्हणजे तिला तसं वाटलं. राखणदाराच्या जागेत मान न देता शिरलं की असंच होणार.

दुसऱ्या दिवशी तिने टोपलीतून शेंडीचा नारळ आणला आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवून हात जोडले. पलीकडे बसलेली कॉलेजची पोरं तोंडावर हात धरून हसली. बंदी मुळात एका दिवसाचीच होती, ती आपोआप उठली, आणि मनुबाईला दार उघडलं. सगुणाबाईने प्रमोदिनीकडे जी नजर टाकली, तिच्यापुढे प्रमोदिनीचं कालचं सगळं समजावणं फुकट गेलं. त्या नारळाची सोलकढी झाली.

पुढचे काही महिने मासळी विकून झाली की सगुणाबाई त्या दुकानात डोकवायची. प्रमोदिनीला वर मूठभर करंदी मिळे. प्रश्न आता एकदाच विचारायचा, हे ती शिकली होती. आज पहाटे येऊन गेला. काल दुपारी येऊन गेला. एवढं ऐकलं, की ती टोपली डोक्यावर घेऊन चालू लागे. त्या वेळांवरून तिने पोराचा अख्खा संसार उभा केला. पहाटे जागा होता म्हणजे रात्रपाळी. दोन दिवस आला नाही म्हणजे बोट बंदराबाहेर. रविवारी बराच वेळ बसला म्हणजे सुट्टी दिली, जेवण बरं असणार. खरं काय होतं ते देव जाणे, कारण तिकडची दुपार नि इकडची दुपार एक नसते, हे प्रमोदिनीने तिला सांगितलं तेव्हा ती इतकी गोंधळली, की नंतर तो विषयच तिने काढला नाही. पण खबर चांगली असेल त्या दिवशी घरी कालवणाला हात सैल सुटे. धाकू दोन घास जास्त जेवायचा आणि कारण विचारायचा नाही.

नारळी पौर्णिमेच्या सुमाराला खबर शिळी होऊ लागली. नाथा आठ दिवसांपूर्वी आला होता. मग पंधरा दिवसांपूर्वी. मग महिन्यापूर्वी. सगुणाबाई दर वेळी मान हलवी, बोट लांब गेली असंल म्हणे. आणि गणपती उठल्यावर एके दिवशी राखणदाराने सांगितलं: नाथा नावाच्या कोणाला मी ओळखत नाही.

प्रमोदिनीने ते वाचलं आणि तिला वाटलं, आपण वाचायलाच नको होतं.

"ओळखत नाय म्हंजे?" सगुणाबाईने विचारलं. "आतापावेतो तर सांगत व्हता."

प्रमोदिनीने उत्तमला मेल पाठवला. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. जो फार दिवस खोलीत फिरकत नाही त्याचं नाव राखणदार आपोआप काढून टाकतो, त्यात काळजीचं काही नाही, असं त्याने लिहिलं होतं. शेवटी मात्र, नाथाचं मलाही काही समजलेलं नाही, असंही लिहिलं होतं. प्रमोदिनीने पहिला भाग मोठ्याने वाचला आणि शेवट हळू. सगुणाबाईला पहिला भाग कळलाच नाही. माणूस चार दिवस आला नाही म्हणून त्याला विसरायचं, ही कुठली राखण? तिचा सासरा बुडून चाळीस वर्षं झाली, त्याला कोळीवाड्यात अजून सगळे ओळखत होते.

तिच्या मनात दोन भयं होती. एक ती बोलून दाखवी: पोराला वास लागला. आपण रोज विचारत राहिलो, ते कुठूनतरी त्याच्या कानावर गेलं, आणि तो उठून गेला. आपल्याच हाताने आपण त्याला दुसऱ्यांदा घालवलं. दुसरं भय दर्यावर माणसं पाठवणाऱ्या बायका बोलत नसतात, तसं तीही बोलली नाही. बंदरावर कोणी धीर द्यायला खोटं बोललेलं तिला आयुष्यात खपलं नव्हतं. त्या दिवशी बसमध्ये मात्र तिला वाटलं, मेला राखणदार एकदा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं त्याचं.

आता ती येणार नाही, असं प्रमोदिनीने धरलं होतं. पण दोन दिवसांनी टोपली पायरीवर होतीच.

आत जाऊन राखणदाराला नाथाबद्दल विचारू का, प्रमोदिनीने विचारलं. सगुणाबाई नको म्हणाली. ओळखत नाय म्हणतो त्याला काय इचारायचं. मग नुसतं मनुबाईला आत ने, थोडा वेळ ठेव, आणि बाहेर काढ. प्रमोदिनीला हे चमत्कारिक वाटलं. कशासाठी, तिने विचारलं.

"नाय आलं तर नाव काढून टाकतो बोललीस ना? मनुबाई एकदा मोडीत निघाली, बाय. परत नाय निघू द्यायची."

तेव्हा कुठे प्रमोदिनीला कळलं, की मनुबाई हे या बाईचं नाव नव्हे. होडीची सगळी हकिकत तिने त्या दिवशी स्टुलावर बसून ऐकली, आणि ऐकताना एका पोराची वेळ संपून पाऊण तास झाला तरी तिने त्याला उठवलं नाही.

असं दिवाळीपर्यंत चाललं. खोलीत पोरं आपसात क्रिकेटचं बोलत, कुणाच्या लग्नाचं बोलत, मनुबाई एका कोपऱ्यात गप्प. कोण आहेस, असं एकदोघांनी विचारलं, तिने उत्तर दिलं नाही. राखणदाराच्या लेखी तेवढं पुरे होतं. सगुणाबाई स्टुलावर बसून पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडे बघे. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

आणि भाऊबीज होऊन गेल्यावर एका बुधवारी, प्रमोदिनीने मनुबाईला आत नेलं न नेलं तोच राखणदार आपणहून बोलला. प्रमोदिनीने ओळ वाचली, चष्मा पुसला आणि परत वाचली.

"सगुणाबाई, काल नाथा आला होता. त्याने राखणदाराला विचारलं, मनुबाई दिसली का."

सगुणाबाईला आधी काहीच उमगलं नाही. कोण इचारत व्हता, ती म्हणाली. कोणाला? मनुबाई तर मीच. मग नाथा कोणाला इचारत व्हता? प्रमोदिनीने तिला सावकाश सांगितलं. खोलीत कोणाची चौकशी झाली, की राखणदार ती ठेवून देतो आणि तो माणूस आला की त्याला सांगतो, अमक्याने तुला विचारलं. हे प्रमोदिनीलाही आत्ताच समजत होतं, कारण मनुबाईला आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

"म्हंजे मी इचारलेलं त्याला सांगत व्हता?"

"असणार."

"पयल्या दिसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

सगुणाबाईने तोंडावर पदर धरला. सगळं गुपचूप चाललंय असं तिला वाटत होतं, आणि पलीकडे तो दर वेळी ऐकत होता: मनुबाईने तुला विचारलं. ज्या होडीच्या फळ्या त्याने डोळ्यांनी बघितल्या, ती होडी त्याची खबर विचारत होती. आणि तरीही तो महिनोन्महिने येत राहिला होता. मधले दिवस दर्यावर होता की रागावला होता, ते कळायला मार्ग नव्हता; शब्द ठाऊक होता, तो सांगून पुन्हा आत शिरला असावा. पण आल्याबरोबर त्याने विचारलं होतं, काठावर विचारतात तसं, माणसाचं नाव न घेता. सगुणाबाई रडली. दुकानात चार परकी पोरं होती, त्यांच्यादेखत रडली, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

राखणदाराने त्याला काय सांगितलं असेल, हे तिने डोळे पुसल्यावर विचारलं. प्रमोदिनीला ते माहीत होतं. मनुबाई सोमवारी येऊन गेली, असंच सांगितलं असणार, कारण ती सोमवारी आली होती.

त्या दिवशी टोपलीत दोन पापलेटं विकायची राहिली होती, ती प्रमोदिनीच्या ओट्यावर ठेवून सगुणाबाई घरी आली. धाकू ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. तीन वर्षांत त्याच्यासमोर पोराचं नाव निघालं नव्हतं. तिने चपला काढल्या नाहीत की पाणी प्यायली नाही.

"नाथा इचारत व्हता," ती म्हणाली. "मनुबाई दिसली का म्हनून."

धाकूची सुई जाळ्यात तशीच राहिली. मनुबाई कोणी मोडली, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्यालाही.

"मंग काय सांगितलं?"

"सोमवारी दिसली, असं सांगितलं."

"कोणी?"

"राखणदारानं."

कुठला राखणदार, कसली खोली, मोडलेली होडी सोमवारी कुठल्या पाण्यात दिसली, यातलं धाकूला ओ की ठो कळलं नाही, आणि सगुणाबाईला ते सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याने जाळं गुंडाळलं, खुंटीला लावलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "तू जातेस तिथं उद्या मी आलो तर चालंल काय?"

हे करू का, असं आयुष्यात त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. होडी मोडतानाही नाही. सगुणाबाईने टोपली उपडी करून भिंतीला लावली.

"मी लवकर निघते," ती म्हणाली. "सदरा धुतलेला घाल."